अर्धशक्तीचा नियम : व्यायाम, तीव्र संसर्ग आणि दैव-पुरुषकाराचा प्रश्न

तीव्र संसर्गातून एक माणूस वाचतो आणि शेजारच्याच खाटेवरचा दुसरा दगावतो, तेव्हा या फरकाचे कारण शोधणारा प्रश्न जितका वैद्यकाचा असतो तितकाच धर्मचिंतनाचाही असतो. कारण असा प्रश्न विचारणाऱ्याला केवळ कारण नको असते, जे घडले ते न्याय्य होते की नाही हेही जाणून घ्यायचे असते. कोविडच्या साथीत 'रोज व्यायाम करणारा होता म्हणून तरला' हे वाक्य घरोघरी ऐकू आले आणि त्याच्या पाठोपाठ, बहुधा दबक्या आवाजात, 'शरीराकडे कधी लक्षच दिले नाही, मग दुसरे काय होणार' हे वाक्यही आले. पहिले वाक्य कार्यकारणाचे आहे, दुसरे निवाड्याचे. पहिल्याच्या बाजूने आज बराच पुरावा जमलेला आहे, परंतु तो खरा मानला म्हणजे दुसरे आपोआप सिद्ध होते, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती तपासून पाहण्याजोगी आहे. पूर्वी माणसे असा निवाडा कर्मविपाकाच्या, म्हणजे गतजन्मीच्या कृत्यांची फळे या जन्मी भोगावी लागतात या सिद्धांताच्या आधारे करीत; आता तो आठवड्याला किती मिनिटे चाललात या हिशेबाच्या आधारे होतो, आणि त्याचा सूर मात्र फारसा बदललेला नाही.

आधी तीव्र संसर्गात नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे. जंतू शरीरात शिरतात, वाढतात आणि ऊतींचा नाश करतात हे खरे असले, तरी गंभीर अवस्थेत जीव जातो तो पुष्कळदा जंतूंच्या हातून नव्हे, तर जंतूंना दिलेल्या शरीराच्याच प्रतिसादामुळे. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात, आणि २०१६ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने मान्य केलेल्या तिच्या व्याख्येत भर याच गोष्टीवर आहे : संसर्गाला मिळणारा शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणे आणि त्यामुळे जीव धोक्यात येणे, म्हणजे सेप्सिस. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपाने जे संदेश पाठवतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी काही दाह भडकवतात, काही तो शमवतात. भडकवणाऱ्या संदेशांचा पूर आला की सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे काम सोडू लागतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, म्हणजे त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ एक पंचमांश. अशा मृत्यूंच्या संदर्भात 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा जाहिरातींतला उपदेश अपुराच नव्हे, दिशाभूल करणाराही आहे. कारण येथे उणीव असते ती प्रतिकाराच्या जोरापेक्षा त्याच्या आवरतेपणाची.

व्यायामाचा संबंध नेमका या आवरतेपणाशी आहे, हे दाखवणारा एक प्रयोग कोपनहेगनच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. निरोगी पुरुष स्वयंसेवकांना ई. कोलाय जीवाणूच्या आवरणातील विषद्रव्याची अत्यल्प मात्रा शिरेतून देण्यात आली. जिवंत जंतू न सोडता शरीराला जंतू आल्याचा भास करून देण्याचा हा मार्ग आहे. स्वयंसेवक नुसते विसावलेले असताना हे द्रव्य दिले, तेव्हा दाह भडकवणाऱ्या टीएनएफ-अल्फा या सायटोकाइनचे रक्तातील प्रमाण दुपटीतिपटीने वाढले. मात्र अडीच तास सायकल चालवून झाल्यावर तेच द्रव्य दिले, तेव्हा ही वाढ झाली नाही. तिसऱ्या खेपेस सायकल न चालवता केवळ इंटरल्यूकिन-६ हे दुसरे सायटोकाइन शिरेतून सोडले, तरी परिणाम तोच दिसला. आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच इंटरल्यूकिन-६ रक्तात सोडतो हे तोवर याच वर्तुळातील संशोधकांना ठाऊक झाले होते, आणि बेंटे क्लारलुंड पेडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंनी पाठवलेल्या अशा संदेशांना 'मायोकाइन' हे नाव दिले. त्यामुळे स्नायू हा हाडे हलवणारा मांसाचा गोळा न राहता सगळ्या शरीराशी बोलणारी ग्रंथी ठरला. विशेष म्हणजे हेच इंटरल्यूकिन-६ गंभीर कोविड रुग्णांच्या रक्तात बेसुमार वाढलेले आढळले आणि त्याचा मार्ग अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध अनेकांना द्यावे लागले. जे द्रव्य एका प्रसंगी दाह शमवते तेच दुसऱ्या प्रसंगी तो पेटता ठेवते. फरक असतो तो सोबतीचा आणि काळाचा. व्यायामात ते टीएनएफच्या संगतीशिवाय येते, काही तासांत चढते आणि उतरते, आणि जाताना दाहशामक संदेशांना जागे करून जाते. सेप्सिसमध्ये ते इतर भडकवणाऱ्या द्रव्यांच्या टोळीबरोबर येते आणि मुक्काम ठोकते. मुळातच हितकर किंवा मुळातच घातक असे द्रव्य नसते, मात्रा आणि प्रसंग त्याचे रूप ठरवतात, हा विचार भारतीय वैद्यकाच्या वाचकाला नवा वाटणार नाही.

स्नायूंची मदत येथेच संपत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात झेन यान यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर केलेल्या कामात असे दिसले की व्यायामाने स्नायूंत वाढणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत पोचते आणि तेथील रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाहातून निर्माण होणाऱ्या मारक ऑक्सिजन-रेणूंपासून वाचवते; हे विकर स्नायूंत अधिक प्रमाणात असलेल्या उंदरांत जीवाणूंच्या विषाने अवयव निकामी होण्याचे प्रमाण घटले. याखेरीज स्नायू हा साठाही आहे. गंभीर आजारात शरीर आपलेच मांस मोडून त्यातील अमिनो आम्ले यकृताला आणि रोगप्रतिकारक पेशींना पुरवते. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे माप घेणाऱ्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात पहिल्या दहा दिवसांतच त्या स्नायूचे छेदक्षेत्र सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलेले आढळले. ज्याच्यापाशी मुळात गंगाजळीच तुटपुंजी, त्याला दहा दिवसांचा हा खर्च परवडत नाही. आणि ज्याला परवडतो तोही आजार ओसरल्यावर जिन्याच्या चार पायऱ्या चढताना कठड्याला धरून उभा राहतो.

या सगळ्याकडे पाहताना अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताची आठवण होणे साहजिक आहे. चरकसंहितेवरील आपल्या टीकेत 'व्याधिक्षमत्व', म्हणजे व्याधी सोसण्याची क्षमता, या संज्ञेचा उलगडा करताना त्याने तिची दोन अंगे सांगितली : उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणे, आणि व्याधी मुळात उत्पन्नच होऊ न देणे. आधुनिक संशोधनातही अलीकडे जंतूला रोखण्याची क्षमता आणि जंतूमुळे होणारी हानी सोसण्याची क्षमता असा भेद केला जातो, आणि व्यायामाचे जे परिणाम वर आले ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत. हा मेळ सूचक आहे, पण त्याचा अर्थ चक्रपाणीला सायटोकाइन ठाऊक होती असा काढणारे लेखक त्याचाही मान राखत नाहीत आणि प्रयोगशाळेचाही. त्याला ठाऊक होते ते वैद्याला रुग्णाच्या उशाशी बसून जे दिसते ते : एकाच तापात दोन शरीरे निरनिराळी वागतात. या निरीक्षणाला त्याने नाव दिले आणि त्याची फोड केली, एवढे श्रेय पुष्कळ झाले.

चरकाने बळाचेही तीन प्रकार केले आहेत. जन्मतः मिळालेले ते सहज, ऋतू आणि वय यांनी दिलेले ते कालज, आणि आहार व शारीरिक चेष्टा यांच्या योग्य योजनेतून कमावलेले ते युक्तिकृत. व्यायाम येतो तो या तिसऱ्या प्रकारात, आणि या वर्गीकरणाचा तात्त्विक भाग असा की माणसाच्या बळातला फक्त एक वाटा त्याच्या करणीचा आहे. उरलेले दोन वाटे मिळतात किंवा मिळत नाहीत.

करणीच्या वाट्यालाही मर्यादा आहे. सुश्रुत आणि वाग्भट दोघेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगतात, आणि ती अर्धी शक्ती ओळखण्याच्या खुणाही परंपरेने जपल्या आहेत : श्वास तोंडाने घ्यावा लागणे, तोंडाला कोरड पडणे, कपाळ, नाक, काखा आणि सांधे या जागी घाम डवरणे. आजचे तज्ज्ञ मध्यम व्यायामाची जी सोपी कसोटी सांगतात, की बोलता यावे पण गाता येऊ नये, ती याहून फार वेगळी नाही. अतिव्यायामाच्या दुष्परिणामांची चरकाने दिलेली यादी मात्र तालमीत क्वचितच ऐकवली जाते : थकवा, धातुक्षय, तहान, रक्तपित्त, दमा, खोकला, ओकारी आणि त्यांच्या जोडीला ज्वर. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्क्यांनी, तर नाव नोंदवूनही न धावलेल्यांपैकी २.२ टक्क्यांनी संसर्गाची लक्षणे सांगितली, आणि अशा अभ्यासांतून डेव्हिड नीमन यांनी इंग्रजी 'जे' अक्षरासारखा आलेख मांडला : बैठ्या माणसाला मध्यम धोका, माफक व्यायाम करणाऱ्याला सर्वांत कमी, आणि अति करणाऱ्याला सर्वांत जास्त. हा निष्कर्ष आता निर्विवाद राहिलेला नाही. मॅरेथॉननंतरचा खोकला प्रत्येक वेळी संसर्गाचाच असतो असे नाही, गर्दी, प्रवास आणि जागरण यांचाही त्यात भाग असतो, आणि श्रमानंतर रक्तातील लसिका पेशी घटलेल्या दिसतात त्या मेलेल्या नसून बहुधा फुप्फुसे व आतडी यांच्याकडे पहाऱ्याला गेलेल्या असतात, असे जॉन कॅम्पबेल आणि जेम्स टर्नर यांनी २०१८ मध्ये सविस्तर मांडले. हा वाद अजून चालू आहे.

वाद नाही तो एका मुद्द्यावर : संसर्ग अंगात शिरून ताप चढलेला असताना केलेले कष्ट घातक ठरू शकतात. चाळीसच्या दशकात रिची रसेल या ब्रिटिश मज्जाविकारतज्ज्ञाने पोलिओच्या रुग्णांविषयी दाखवून दिले की लक्षणे सुरू झाल्यावर, पण लुळेपणा येण्यापूर्वी, ज्यांनी जबर शारीरिक श्रम केले त्यांना आलेला लुळेपणा अधिक तीव्र होता, आणि अंथरुणाला खिळून राहिलेले त्या मानाने बचावले. १९७० मध्ये कॉक्सॅकी विषाणूची लागण झालेल्या उंदरांना पोहायला लावले, तेव्हा त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत विषाणू बेफाम वाढला. चरकाच्या ज्वरचिकित्सेतही नव्या तापात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत स्नान, दिवसा झोप, क्रोध यांच्या रांगेत व्यायाम आहे. तेव्हा घाम गाळून ताप 'काढण्याची' हौस शास्त्राला धरून नाही आणि परंपरेलाही. बळ कमवायचे ते आजारापूर्वी.

शरीर हे धर्माचे पहिले साधन होय, या अर्थाचे कालिदासाचे वचन अनेक व्यायामशाळांच्या भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी रंगवलेले असते आणि ते जोर-बैठकांच्या समर्थनार्थ वापरले जाते. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात ते ज्या प्रसंगी येते तो प्रसंग अगदी उलट आहे. कठोर तपाने कृश झालेल्या पार्वतीपुढे बटूच्या वेषात आलेला शिव तिला विचारतो की हे तप आपल्या शक्तीला झेपेल इतकेच करते आहेस ना, आणि त्या प्रश्नाला जोडून शरीराचे महत्त्व सांगतो. म्हणजे हे वचन आळशाला उठवण्यासाठी नव्हे, अतिरेक करणाऱ्याला सावरण्यासाठी आले आहे. पुढे मात्र कथेत पार्वतीचे तपच फळाला येते, हेही विसरता येत नाही.

व्यायामामुळे तीव्र संसर्गातील मृत्यू टळतात याचा माणसांतील पुरावा बहुतेक निरीक्षणाचा आहे. त्यात सर्वाधिक गाजलेला अभ्यास दक्षिण कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे या आरोग्ययंत्रणेच्या नोंदींवरचा आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या प्रत्येकाला रक्तदाबाबरोबरच व्यायामाचीही विचारपूस करून नोंद ठेवण्याची पद्धत साथीच्या आधीपासून होती. त्यामुळे २०२० मध्ये कोविड झालेल्या ४८,४४० प्रौढांची पूर्वीची सवय आजारपणानंतरच्या आठवणीवर विसंबून न राहता तपासता आली. सातत्याने आठवड्याला १५० मिनिटे किंवा अधिक व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, सातत्याने दहा मिनिटांपलीकडे न जाणाऱ्यांच्या बाबतीत रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता २.२६ पट आणि मृत्यूची २.४९ पट आढळली. वय, स्थूलपणा, मधुमेह यांचा हिशेब वजा करूनही हा फरक उरला. तरीही असे अभ्यास जी गोष्ट पूर्णपणे वजा करू शकत नाहीत ती अशी की मुळात धडधाकट असलेला माणूसच व्यायाम करू शकतो. ज्याच्या शरीरात एखादा रोग अजून निदानाविना मुरतो आहे तो चालणे आधीच सोडून देतो, आणि मग न चालणे हे कारण नसून केवळ चिन्ह ठरते. कोपनहेगनचा प्रयोग आणि उंदरांवरचे काम यांच्या आधारे कार्यकारणाची बाजू बळकट होते, आणि ती स्वीकारणेच आज वाजवी आहे. परंतु स्वीकारायची ती जशी आहे तशी : हजारोंच्या समूहात मृत्यू कमी होतात. त्या समूहातला नेमका कोण व्यायामामुळे वाचला आणि कोण व्यायामाअभावी गेला, हे कोणत्याही गणिताने सांगता येत नाही, कारण निष्क्रिय गटातले बहुसंख्य वाचलेच आणि सक्रिय गटातलेही काही गेले. निवाड्याला व्यक्ती लागते, आणि पुरावा व्यक्तीपर्यंत पोचत नाही.

याच टप्प्यावर चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय उपयोगी पडतो. जनपदोद्ध्वंस, म्हणजे संपूर्ण जनपदाचा साथीने होणारा नाश, हा त्याचा विषय आहे. पांचाल देशाच्या कांपिल्य या राजधानीजवळ, उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात, पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह गंगाकाठच्या वनात फिरत असताना हा संवाद होतो. (आरोग्याविषयीची ही महत्त्वाची चर्चा चालता चालता झाली, हा योगायोगच म्हणायचा.) आत्रेय त्या शिष्यांपैकी अग्निवेशाला सांगतात की निसर्गात विकृतीची चिन्हे दिसत आहेत, तेव्हा भूमीचा रस जाण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा. त्यावर अग्निवेश जो प्रश्न विचारतो तो साथींविषयीचा सर्वांत मूलभूत प्रश्न आहे : माणसांची प्रकृती, आहार, बळ, वय आणि सवयी भिन्न असताना ती एकाच वेळी एकाच रोगाने कशी मरतात? उत्तर असे की भिन्न माणसांत चार गोष्टी समान असतात, वायू, जल, देश आणि काळ, आणि त्या बिघडल्या की सगळ्यांना त्याची झळ लागते. त्या का बिघडतात याचे कारण आत्रेय अधर्म असे देतात, पण तो रुग्णाचा अधर्म असे म्हणून ते थांबत नाहीत. देश, नगर आणि जनपद यांचे प्रमुख जेव्हा धर्म सोडून प्रजेशी वागतात, तेव्हा तो अधर्म खाली झिरपत जातो, असे ते सांगतात. पावसाचा आणि राजाच्या वर्तनाचा असा संबंध आजचा वाचक मान्य करणार नाही. दोषाची दिशा मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण ती अंथरुणावरच्या माणसाकडून सिंहासनाकडे जाते.

याच अध्यायात पुढे अग्निवेश विचारतो की माणसाचे आयुष्य ठरलेले असते की नसते. आत्रेयांच्या मते ते दैव आणि पुरुषकार यांच्या मेळावर अवलंबून आहे. दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म, पुरुषकार म्हणजे या देहात केलेले. बलवान पुरुषकार दुबळ्या दैवाला मागे सारतो आणि बलवान दैव पुरुषकाराला. सर्वांचेच आयुष्य नेमलेले असते, तर कोणी मत्त हत्तीपासून दूर पळाला नसता आणि औषधाचीही गरज उरली नसती, हा त्यांचा युक्तिवाद आहे. अकालमृत्यू समजावताना ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस आपल्या वेळेला झिजून संपतो; पण तोच आस ओझे फार झाले, वाट खाचखळग्यांची असली, चाक मोडले, गाडीवान वाईट भेटला किंवा वंगण मिळाले नाही, तर अधेमध्येच मोडतो. या यादीत आसाच्या स्वतःच्या घडणीचा दोष जवळजवळ नाहीच, जे आहे ते ओझे, रस्ता आणि गाडीवान यांचे आहे. माणसाच्या बाबतीत त्यांनी दिलेल्या यादीतले पहिलेच कारण आपल्या बळापलीकडचे काम अंगावर घेणे हे आहे. हीच दिशा बौद्ध परंपरेत अधिक रोखठोकपणे दिसते. संयुत्तनिकायातील एका सुत्तात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणूस जे जे भोगतो ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणाऱ्यांविषयी आपले मत काय. त्यावर बुद्ध वेदनेची आठ कारणे सांगतात, पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम वागणूक, बाह्य आघात आणि कर्मविपाक, आणि सर्व काही पूर्वकर्माने घडते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकमान्य सत्याच्या पलीकडे जातात, असे ठरवतात. आठांत कर्म एक. जो आज व्यायामाला सर्व आरोग्याची किल्ली मानतो तो याच चुकीची नवी आवृत्ती काढत असतो.

ही चूक किती खोल जाते, हे १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने दाखवून दिले. त्या साथीत जगभर वीस ते चाळीस वयाचे तरणेताठे स्त्रीपुरुष, लष्करी छावण्यांतले कवायतीने कसलेले जवानही, मोठ्या संख्येने मेले. जोमदार शरीराचा अनावर प्रतिसाद हे त्यामागचे एक कारण असावे, असा तर्क पुढे मांडला गेला. भारतात त्या साथीने एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे नेली आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. मुंबई शहराचे आकडे याहून बोलके आहेत. युरोपीय वस्तीत हजारी ८.३ आणि पारशांत ९ मृत्यू झाले, सरकारी तक्त्यात जातवाले म्हणून धरलेल्या हिंदूंमध्ये १८.९, आणि ज्यांना तो तक्ता 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो त्यांच्यात ६१.६. शहरात सर्वांत अधिक अंगमेहनत करणारी, गोदीत पोती वाहणारी, गिरणीत उभी राहणारी, रस्ते झाडणारी पुष्कळ माणसे यांत होती. शारीरिक हालचाल म्हणजे संरक्षण हे समीकरण सरसकट खरे असते, तर हा तक्ता उलटा वाचावा लागला असता.

तो उलटा का नाही, याचे उत्तर वाग्भटाच्या एका अटीत सापडते. अर्ध्या शक्तीचा व्यायाम त्याने सांगितला आहे तो बलवान असणाऱ्या आणि स्निग्ध भोजन करणाऱ्या माणसांसाठी, तोही थंडीच्या आणि वसंताच्या दिवसांत. इतर ऋतूंत त्याहून कमी. म्हणजे ज्याच्या ताटात तूप आहे आणि ज्याला थकल्यावर थांबता येते, त्याच्यासाठी हा नियम आहे. डोक्यावर मोळी असलेल्या ऊसतोड बाईला कपाळावर घाम आला म्हणून थांबता येत नाही, आणि हमालाला ऋतू पाहून ओझे ठरवता येत नाही. पोटासाठी केलेले दीर्घ, कंटाळवाणे, विश्रांतीविना श्रम आणि स्वेच्छेने केलेला व्यायाम यांचे परिणाम भिन्न असतात, हे आता संशोधनातही दिसते. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात कामाच्या ठिकाणी अतिश्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी अधिक आढळला. व्यायाम आणि श्रम यांत स्नायूंची हालचाल सारखीच असते. वेगळी असते ती अर्ध्यावर थांबण्याची मुभा. पुरुषकाराचे तत्त्वज्ञान ही मुभा सर्वांना आहे असे गृहीत धरते, आणि तेथेच ते दुबळे पडते; कारण ज्याला थांबता येत नाही त्याच्या बाबतीत व्यायामाचा अभाव हा दोष मोजता येत नाही आणि श्रमाचे आधिक्य हा गुणही.

जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात साथीच्या काळी काय करावे याचीही यादी आहे. शोधनकर्मे आणि आधीच गोळा केलेल्या औषधींची रसायने यांच्या बरोबरीने तीत सत्य, भूतदया, दान आहे, आणि स्वतःच्या जिवाचे रक्षणही आहे. या सर्व गोष्टी एकाच दमात, उतरंड न लावता सांगितल्या आहेत. दया आणि आत्मरक्षण ही दोन एकमेकांच्या आड आली तर कोणते मागे घ्यायचे, हे संहिता सांगत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले सहासष्ट वर्षांच्या होत्या, मुलगा यशवंत याच्यासह त्यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता, आणि एका आजारी मुलाला उचलून तेथे आणल्यानंतर त्यांनाच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. आरोग्याच्या कोणत्याही हिशेबात हे आपल्या बळापलीकडचे काम अंगावर घेणेच ठरेल, म्हणजे आत्रेयांच्या यादीतले अकालमृत्यूचे पहिलेच कारण. आणि तरी पुरुषकार या शब्दाची जी व्याख्या या कृतीला बाहेर ठेवील ती अपुरी मानावी लागेल. शरीराला साधन म्हटले की ते कशासाठी खर्चायचे हा प्रश्न येतो, आणि तेथे आठवड्याच्या १५० मिनिटांचा आधार पुरत नाही.